डीपीएफवाल्या डिझेलमध्ये सी3 ऑइल: नऊ महिने, 12,000 किमी

2 लिटरचं टर्बो डिझेल, ऑइल फिल्टर धरून 5.2 लिटर ऑइल लागतं. गाडीला डीपीएफ आहे, म्हणजे धुरातली काजळी पकडणारा फिल्टर. भरलं ते 5डब्ल्यू-30 फुल सिंथेटिक, एसीईए (युरोपियन वाहन उत्पादकांची संघटना) च्या वर्गवारीतलं सी3, म्हणजे कमी राखेचं. आधीच सांगतो, कमी राखेच्या ऑइलचा फायदा नऊ महिन्यांत दिसत नाही. अ‍ॅव्हरेज तेवढंच, आवाज तोच, रीजनरेशनही (डीपीएफमधली काजळी जाळून टाकणं) पूर्वीसारखंच 400 ते 500 किमीला. ऑइल बदललं आणि डीपीएफ मोकळा झाला, असं कुणी सांगितलं तर सोडून द्या.

फायदा आहे तो पुढच्या हिशेबात. काजळी 600 अंशांच्या आसपास जळून जाते. ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंकची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये साचतच जाते. इंजिन 1,000 किमीला 100 मिली ऑइल खात असेल तर लाख किमीला 10 लिटर, म्हणजे साधारण साडेआठ किलो. त्याच वर्गवारीतल्या ए3/बी4 ऑइलला सल्फेटेड अ‍ॅश (ऑइल जाळून मोजलेली राख) 1.6 टक्क्यांपर्यंत चालते, सी3 ला 0.8. म्हणजे जास्तीत जास्त 136 ग्रॅम आणि 68 ग्रॅम. सगळी राख फिल्टरपर्यंत पोचत नाही हे खरं, पण फरक मोठा आहे.

चूक होते ती डबा पुढून वाचल्यामुळे. 5डब्ल्यू-30 हा फक्त घट्टपणा. त्याच आकड्यात ए3/बी4 पण मिळतं आणि सी3 पण. डबा फिरवून मागचं बारीक अक्षर वाचा. मॅन्युअलमध्ये फोक्सवॅगन 507 00 किंवा मर्सिडीज 229.51 लिहिलं असेल तर तोच नंबर ‘अप्रूव्हल’ म्हणून छापलेला हवा. ‘साठी योग्य’ ही विक्रेत्याची भाषा. राख कमी म्हणून सी2 किंवा सी5 उचलू नका: राखेची मर्यादा तीच 0.8, पण तापलेल्या इंजिनात ऑइलची फिल्म पातळ. सी4 मध्ये राख 0.5, पण तेही मॅन्युअल म्हणत असेल तरच. वरून कसलंही अ‍ॅडिटिव्ह ओतू नका, त्यातलीही राखच वाढते.

नऊ महिन्यांत खरोखर बदलली ती डिपस्टिकवरची पातळी, आणि तीही वर चढली. रीजनरेशनच्या वेळी उशिरा फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं. दहा मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये रीजनरेशन अर्धवट तुटलं की ते पुन्हा सुरू होतं आणि पुन्हा डिझेल उतरतं. 7,000 किमीला पातळी मधल्या खुणेपासून 6 मिमी वर होती. या डिपस्टिकवर किमान ते कमाल 20 मिमी म्हणजे 1 लिटर, तेव्हा अंदाजे 300 मिली. काडीला डिझेलचा वास, बोटांत चोळलं तर पाणचट. त्याच दिवशी बदललं. ऑइल बदलायचा कंपनीचा 15,000 किमीचा आकडा अशा वापराला लागू नाही. पातळी कमालच्या वर गेली तर वाट पाहूच नका. टर्बो डिझेल इंजिन तेच ऑइल पिऊन स्वतःहून पळू लागू शकतं.

आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) 1,000 आरपीएमच्या आसपास, पंखा जोरात, गरम वास: रीजनरेशन चालू आहे, गाडी बंद करू नका, पंधरा-वीस मिनिटं एकसारखी चालवा.

भरताना आधी 4.8 लिटर, दोन मिनिटं इंजिन चालू, सपाट जागी दहा मिनिटं थांबून पुन्हा मोजणी. कमालपर्यंत भरू नका, वर डिझेलला जागा हवी. ड्रेन प्लगचा वॉशर नवा. स्कॅनरने सर्व्हिस काउंटर शून्य करा, पण डीपीएफमधल्या राखेचा हिशेब ठेवणाऱ्या काउंटरला हात लावू नका. तो काउंटर डीपीएफ नवा बसवल्यावर किंवा आतून साफ केल्यावरच शून्य करायचा.