व्हॉलीबॉल टीमची परदेश सहल: नेपाळ, श्रीलंका की मलेशिया?

कॉलेजची व्हॉलीबॉल टीम, म्हणजे बारा खेळाडू, बरोबर सर आणि मॅनेजर. हातात आठवडाभराची सुट्टी. स्पर्धा नाही, नुसतं फिरायचं. वाटेत कुठे नेट बांधलेलं दिसलं तर दोन सेट खेळायचे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची अशी टीम परदेशाचा विषय काढते तेव्हा फिरून फिरून तीन नावं येतात: नेपाळ, श्रीलंका, मलेशिया. थायलंडचं नाव पोरं काढतात आणि सर ते ऐकूच आलं नाही असं दाखवतात, म्हणून ते इथे घेतलेलं नाही.

बहुतेक बैठकांत पहिलं मत नेपाळला पडतं. पासपोर्ट लागत नाही, हिंदी चालते, स्वस्त आहे. यातली पहिली दोन कारणं खरी आहेत. तिसरं दिल्लीत किंवा लखनौत बसून म्हटलं तर खरं, बेळगावात बसून नाही. सरळ रेषेत मोजलं तर बेळगावहून कोलंबो साधारण 1,150 किलोमीटर आणि काठमांडू 1,700 च्या वर. गोवा एक्स्प्रेसनं दिल्लीचं निजामुद्दीन स्टेशन गाठायलाच जवळपास दीड दिवस लागतो. पुढे दिल्ली–काठमांडू विमान घ्या, नाहीतर गोरखपूरहून सोनौलीची सीमा ओलांडून बसनं धक्के खात जा. येण्याजाण्यात आठवड्याचा अर्धा भाग संपतो. सगळा प्रवास विमानानं करायचा तर दिल्लीपर्यंतचं भाडं मोजा, मग ‘स्वस्त’ हा शब्द कुणी काढणार नाही.

कोलंबोचं गणित उलट आहे. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, परदेशी विमान नाही, त्यामुळे बेंगळुरू चुकत नाही. पण रात्रीची स्लीपर किंवा राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडली की सकाळी बेंगळुरू आणि तिथून थेट विमानानं दीडेक तासात कोलंबो. घड्याळसुद्धा बदलावं लागत नाही. क्वालालंपूरलाही बेंगळुरूहून थेट विमानं आहेत, चारेक तासांची. म्हणजे वेळेच्या हिशेबात मलेशियासुद्धा नेपाळपेक्षा सोपं पडतं. हे ऐकून बैठकीतले निम्मे लोक गप्प होतात.

आधी कागद, मग फोटो

खरा निर्णय कपाटातल्या कागदांवर होतो. नेपाळला विमानानं जाताना पासपोर्ट नसेल तर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालत नाही, आणि नेमका इथेच घोळ होतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या किती पोरांनी मतदार कार्ड काढलेलं असतं, हे आजच्या आज ग्रुपवर विचारा. अठरा पूर्ण नसलेला कुणी असेल तर 15 ते 18 वयासाठी मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांचं ठरावीक नमुन्यातलं ओळखप्रमाणपत्र चालतं.

श्रीलंका आणि मलेशियाला पासपोर्ट हवाच, आणि त्याची किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी. श्रीलंकेसाठी ईटीए, म्हणजे प्रवासाचा ऑनलाइन परवाना, आधी काढायचा. तो सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, मधले दलाल जादा पैसे लावतात. मलेशियानं 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना 30 दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली. तिला मुदत घातलेली असते, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी ती चालू आहे का ते बघा. शिवाय तिथला डिजिटल आगमन अर्ज पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो. हे काम मॅनेजरनं सगळ्यांसाठी एकत्र बसून करावं. पोरांवर सोडलं तर दोघे तरी विमानतळाच्या रांगेत उभे राहून फॉर्म भरत असतील.

आपल्या भागाची म्हणून एक अडचण आहे. दहावीच्या मार्क्सकार्डावर नावापुढे इनिशियल असतं, आधारवर पूर्ण नाव, आणि आडनाव कुठे आहे तर कुठे नाही. पासपोर्टच्या अर्जात इनिशियल चालत नाही, ते उलगडूनच लिहावं लागतं. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरून अक्षर न् अक्षर उतरवा. टीममध्ये चंदगडची पोरं असतील तर त्यांची पोलीस पडताळणी महाराष्ट्रात आणि खानापूरच्यांची कर्नाटकात होणार, दोन्हींचा वेग सारखा नसणार. सगळ्यांचे पासपोर्ट एकाच दिवशी हातात येतील असं धरून चालू नका.

बघायचं काय

श्रीलंकेला मी झुकतं माप देतो. नेपाळमध्ये हिमालय आहे आणि त्याला तोड नाही, हे मान्य. पोखऱ्याला सारंगकोटवरून सकाळी अन्नपूर्णेची रांग, खाली फेवा ताल, काठमांडूत पशुपतिनाथ आणि स्वयंभूनाथ, शेजारी भक्तपूर, कुणालाही आवडेल. पण काठमांडू ते पोखरा हे अवघं दोनशे किलोमीटर अंतर बसनं सात-आठ तास खातं, पावसाळ्यात दरड कोसळली तर विचारूच नका. साडेसहा फुटी ब्लॉकर बसच्या सीटमध्ये गुडघे कुठे ठेवणार?

श्रीलंकेत कोलंबो–कँडी साधारण 115 किलोमीटर, कोलंबो–गॉल त्याच्याच आसपास आणि तेही एक्स्प्रेसवेनं. एक मिनीबस ठरवली की सगळी टीम एकत्र राहते. सिगिरिया हा सुमारे 200 मीटर उंचीचा कातळ, वर पाचव्या शतकातल्या काश्यप राजाच्या महालाचे अवशेष, चढायला बाराशेच्या आसपास पायऱ्या. बेळगावजवळचा राजहंसगड किल्ला पळत चढणाऱ्या पोरांना हा व्यायाम, सरांना परीक्षा. भारतासह सार्क देशांच्या लोकांना बाकीच्या परदेशी पाहुण्यांपेक्षा कमी तिकीट असतं, पण पासपोर्ट दाखवावा लागतो. तो हॉटेलात ठेवून निघू नका. तिकीट तरीही जड वाटलं तर समोरचा पिदुरंगला कातळ चढा. तिथलं तिकीट अगदी किरकोळ आहे आणि तिथूनच अख्खा सिगिरिया दिसतो. गॉलला किल्ल्याच्या तटावर उभं राहिलं की खाली कसोटी क्रिकेटचं मैदान, पलीकडे समुद्र. कँडी–एल्ला रेल्वेचे फोटो सगळ्यांनी बघितलेले असतात, पण नोव्हेंबर 2025 च्या दितवा चक्रीवादळात डोंगरातल्या रेल्वेमार्गाचं मोठं नुकसान झालं. कुठला टप्पा चालू आहे ते विचारूनच बेत आखा.

आणि खेळ. व्हॉलीबॉल हा श्रीलंकेचा राष्ट्रीय खेळ आहे, 1991 पासून. नेपाळनंही 2017 साली तोच राष्ट्रीय खेळ ठरवला. म्हणजे या दोन्ही देशांत संध्याकाळी मैदान शोधायला गेलात तर कुणी ‘हे काय’ म्हणून बघणार नाही. बॉल हवा काढून चेक-इन बॅगेत टाका.

मलेशियात व्हॉलीबॉलऐवजी सेपाक तक्रा बघा: बॅडमिंटनएवढं कोर्ट, मध्ये नेट आणि हात न लावता पायानं मारलेला स्मॅश. आपल्या स्मॅशरला तोंडात बोट घालायला लावणारा प्रकार. बाकी पेट्रोनासचे 452 मीटरचे जुळे मनोरे आणि लोकल ट्रेननं बाटू केव्हज, जिथे 272 पायऱ्या आणि मुरुगनची प्रचंड सोनेरी मूर्ती आहे. त्यानंतर मॉल सुरू होतात, आणि पोरांचे पैसे तिथेच जातात.

जेवणात नेपाळ पहिला. दाळभात, वर पुन्हा वाढतात, शाकाहाऱ्याला प्रश्न पडत नाही. श्रीलंकेत भात-करी पोटभर मिळते, पण सांबोलात, म्हणजे खोबऱ्याच्या चटणीत, बऱ्याचदा सुक्या माशाचा चुरा असतो. माळकरी किंवा लिंगायत घरातल्या पोरांनी आधी विचारून घ्यावं. क्वालालंपूरच्या ब्रिकफील्ड्समध्ये केळीच्या पानावरचं तमिळ जेवण मिळतं. कानडी येतं म्हणून तमिळ कळेल या भ्रमात मात्र कुणी राहू नये.

पैशांचं म्हणाल तर नेपाळमध्ये आपल्या 100 रुपयांचे तिथले 160, हा दर ठरलेला आहे. श्रीलंकेत फेब्रुवारी 2024 पासून अनेक दुकानांत यूपीआय चालतं. तिन्ही ठिकाणी एजंटकडून पॅकेज घेतलंत तर बिलात टीसीएसची, म्हणजे एजंटनं आगाऊ कापून घेतलेल्या आयकराची, ओळ दिसेल. तो कर रिटर्न भरून परत मिळतो, पण आधी खिशातून जातो, तेव्हा वर्गणी ठरवतानाच तो धरा.

मग ठरवायचं कसं

दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर नेपाळचं आकाश सर्वांत स्वच्छ असतं, पण दसैं-तिहार, म्हणजे तिथले दसरा-दिवाळी, जवळ असल्यानं बसगाड्या भरलेल्या असतात. त्याच दिवसांत श्रीलंकेत पाऊस असू शकतो. गॉल-कोलंबोची बाजू डिसेंबर ते मार्च चांगली. तिथे पौर्णिमेला सुट्टी असते आणि दारूविक्री बंद, सरांनी तारखा तेवढ्या जुळवून घ्याव्यात.

बारापैकी नऊ-दहा जणांकडे पासपोर्ट असेल तर श्रीलंका, यात मला शंका नाही. उरलेल्यांचे अर्ज आधी टाका आणि शेवटचा पासपोर्ट हातात येईपर्यंत विमानाचे पैसे भरू नका. तीन-चार जणांकडेच असेल आणि तारीख हलत नसेल तर नेपाळ, पण मग एक बाजू तरी विमानानं करा. मलेशिया तेव्हाच, जेव्हा टीमला डोंगर-देवळांचा कंटाळा आहे आणि घरून पैसे सुटणार आहेत. यातलं काहीच जुळत नसेल तर आधी मतदार कार्डाचे फॉर्म भरून घ्या. ते सहलीशिवायही कामाला येतं.