एकमान पद्धत की तिरकस गुणाकार?

सोलापुरात सहावी-सातवीच्या मुलांना गणित शिकवताना उदाहरण शोधत बसावं लागत नाही. 6 चादरी 2700 रुपयांना, तर 10 चादरी कितीला?

तिरकस गुणाकारात मूल 2700 ला 10 ने गुणतं, 6 ने भागतं आणि 4500 लिहितं. परीक्षेत वेळ वाचतो. एकमान पद्धतीत आधी एका चादरीची किंमत काढायची, 450, मग दहांची. एक पायरी जास्त, पण 450 म्हणजे काय हे मुलाला सांगता येतं.

खरा फरक शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांकडे वळल्यावर कळतो. 4 मागांवर एक ऑर्डर 15 दिवसांत निघते, तर तसल्याच 6 मागांवर किती दिवसांत? सूत्र पाठ केलेलं मूल सवयीनं साडेबावीस लिहून मोकळं होतं. माग वाढले आणि दिवसही वाढले! एकमान पद्धतीत आधी प्रश्न येतो: एकट्या मागाला किती दिवस लागतील? 60. मग सहांना 10. म्हणून सुरुवात एकमानानेच करावी, असं मी ठामपणे म्हणेन.

अडचण एकच. 7 चादरी 3000 ला असतील, तर एकीची किंमत अपूर्णांकात जाते. 21 चादरींचा भाव हवा असेल तर भागाकार करूच नये. 21 म्हणजे 7 ची तिप्पट, म्हणून 9000. हे मुलाला स्वतःहून दिसेपर्यंत आपण थोडं थांबावं. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलांना पायऱ्या आधी त्याच भाषेत तोंडी म्हणू द्याव्यात. वहीत मराठीत नंतर उतरवता येतात.