फिकट ग्रहीय तेजोमेघांसाठी ओ-थ्री फिल्टर: आठ इंची दुर्बिणीवरचा अनुभव

पुण्याच्या उपनगरातील गच्चीवरून आठ इंची डॉब्सोनियन (साध्या लाकडी बैठकीवरच्या परावर्तक) दुर्बिणीतून स्वरमंडलातील एम 57 या ग्रहीय तेजोमेघाचे, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूच्या कवचाचे, कडे सहज दिसते. खरी कसोटी लागते ती त्याहून फिकट ग्रहीय तेजोमेघांसाठी. त्यांच्यासाठी मी ॲस्ट्रोनॉमिक या जर्मन कंपनीचा सव्वा इंची ओ-थ्री (आयनीभूत ऑक्सिजनचा प्रकाश तेवढा आत सोडणारा) फिल्टर वापरतो आणि आणखी एखादी नेत्रिका (आयपीस) घेण्याआधी तो घ्यावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

या तेजोमेघांचा डोळ्यांना जाणवणारा प्रकाश मुख्यतः 495.9 आणि 500.7 नॅनोमीटरच्या दोन रेषांत एकवटलेला असतो. 1864 मध्ये ब्रिटिश खगोलनिरीक्षक विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील एनजीसी 6543 या ग्रहीय तेजोमेघाच्या वर्णपटात तेजस्वी रेषा पाहिल्या. त्यांतील या दोन आयनीभूत ऑक्सिजनच्या आहेत, हे कळायला 1927 साल उजाडावे लागले. फिल्टर एवढाच अरुंद पट्टा आत सोडतो. त्यामुळे तेजोमेघ अधिक तेजस्वी होत नाही, पण दिव्यांनी उजळलेली पार्श्वभूमी काळवंडते आणि तो उठून दिसतो.

सप्तर्षीतील पुलह ताऱ्याजवळचा एम 97 हा ‘घुबड’ तेजोमेघ गच्चीवरून एरवी असून नसल्यासारखाच. फिल्टर लावून किंचित तिरप्या नजरेने पाहिले की मोठी, राखाडी, गोल चकती दिसते. तिच्यातील घुबडाचे डोळे दिसायला मात्र शहराबाहेरचेच आकाश हवे. कुंभेतील हेलिक्स हा विस्तीर्ण तेजोमेघ लंडनहून जेमतेम 18 अंश वर येतो, तर आपल्याकडे तो 50 अंशांपर्यंत चढतो. या फिल्टरचे चीज तिथे होते.

भुजंगधारीतील एनजीसी 6572 इतका लहान आहे की कमी वर्धनाला तो तारकाच वाटतो. अशा वेळी फिल्टर नेत्रिकेत न बसवता चिमटीत धरून डोळा आणि नेत्रिका यांच्यामध्ये आत-बाहेर करावा. आजूबाजूच्या तारका मंदावतात, तेजोमेघ तेवढा टिकून राहतो.

तारका मंदावत असल्याने फोकस आधीच साधून घ्यावा आणि 25 मिलिमीटरच्या आसपासची नेत्रिका वापरावी. दीर्घिकांसाठी हा फिल्टर निरुपयोगी आहे. दुर्बीण चार इंची असेल, तर त्याऐवजी यूएचसी (अल्ट्रा हाय कॉन्ट्रास्ट) फिल्टर घेणे श्रेयस्कर, कारण त्याचा पट्टा रुंद असून हायड्रोजनची 486.1 नॅनोमीटरची रेषाही त्यातून येते आणि दृश्य फार अंधारत नाही.