लुईझियाना चॅनल : कलावंत हातातल्या कामाविषयी बोलू लागतात तेव्हा

डेन्मार्कमधील हुमलेबेक येथे १९५८ साली सुरू झालेले लुईझियाना हे आधुनिक कलेचे संग्रहालय २०१२ पासून आंतरजालावर स्वतःची चित्रफीत-वाहिनी चालवते. समकालीन चित्रकार, शिल्पकार, वास्तुकार आणि लेखक यांच्या मुलाखती तिथे विनामूल्य पाहायला मिळतात. गेली काही वर्षे मी त्या नेमाने पाहत आले आहे आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. कलावंताला त्याची प्रेरणा विचारली की उत्तर बहुधा पाठ असल्यासारखे येते. पण काम कसे घडत गेले हे तो सांगू लागला की प्रत्येक वाक्य कान देऊन ऐकावे असे होते. ही वाहिनी त्या दुसऱ्या वाटेने जाते तेव्हा तिच्या तोडीचे फारसे काही माझ्या पाहण्यात नाही.

मुलाखत घेणारा पडद्यावर दिसत नाही आणि त्याचे प्रश्नही बहुतेक ठिकाणी काढून टाकलेले असतात. त्यामुळे समोरचा माणूस थेट आपल्याशीच बोलतो आहे असे वाटते, आणि शब्द शोधताना तो थांबतो तो क्षणही आपल्यापर्यंत पोहोचतो.

दक्षिण आफ्रिकेचे चित्रकार विल्यम केंट्रिज यांची मुलाखत मी सर्वांत वर ठेवीन. १९८९ पासून ते कोळशाच्या रेखाटनांतून चलत्चित्रे तयार करत आहेत. भिंतीवर कागद आणि काही पावलांवर कॅमेरा, एवढीच त्यांची मांडामांड. कागदावर थोडे काढायचे, कॅमेऱ्यापाशी जाऊन एक-दोन चौकटी टिपायच्या, परत येऊन थोडे पुसायचे, थोडे वाढवायचे आणि पुन्हा कॅमेऱ्याकडे जायचे. असा अख्खा प्रसंग एकाच कागदावर उभा राहतो. कोळसा कितीही पुसला तरी पुरता जात नाही, करडी छटा मागे उरतेच, म्हणून त्यांच्या चित्रातला चालणारा माणूस जिथून निघाला त्या प्रत्येक जागी स्वतःची पुसट खूण सोडत जातो. साधनातली ही उणीव पुढे त्यांची भाषाच झाली. मुलाखतीत ते अनिश्चिततेविषयी बोलतात, आणि हे विवेचन एरवी कोरडे तत्त्वज्ञान वाटले असते. परंतु पुढची रेघ कोणती हे आधी न ठरवता कागद आणि कॅमेरा यांच्यामध्ये दिवसभर येरझारा घालणाऱ्या माणसाच्या तोंडून ते आले की त्याला अनुभवाचे वजन येते.

जपानी चित्रकार यायोई कुसामा मात्र माझ्या मताला छेद देतात. लहानपणी होणारे भास आणि त्यांत सर्वत्र पसरत जाणारे ठिपके हीच त्यांची प्रेरणा आणि तेच त्यांचे काम; १९७७ पासून त्या स्वेच्छेने मनोरुग्णालयात राहतात आणि जवळच्या स्टुडिओत चित्रे काढतात. त्यांच्याबाबतीत प्रेरणेचा प्रश्न टाळून कामाविषयी काही विचारताच येत नाही.

तरुण कलावंतांना सल्ला देणारी छोट्या चित्रफितींची मालिका मला तितकीशी भावली नाही. वक्ते मोठे असले तरी सल्ले एकमेकांसारखे होत जातात.

खरी उणीव आहे ती क्युरेटरांची, म्हणजे प्रदर्शनातल्या कलाकृतींची निवड आणि मांडणी ठरवणाऱ्यांची. २०१४ मध्ये ओलाफुर एलियासन या कलावंताने याच संग्रहालयाची दालने दगडांनी भरून त्यांतून पाण्याचा बारीक ओहोळ वाहता ठेवला होता, आणि त्या मांडणशिल्पाविषयीची त्यांची मुलाखत आवर्जून पाहावी अशी आहे. पण जमिनीने एवढा भार कसा पेलावा, ओलावा शेजारच्या दालनांत कसा जाऊ नये, प्रेक्षकांनी दगडांवरून चालावे की नाही, हे कोणाला तरी ठरवावे लागले असणार, आणि मला तेही ते ठरवणाऱ्या क्युरेटरांच्याच तोंडून ऐकायचे आहे. कागदावरच्या चित्रांवर साधारणपणे ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) वर प्रकाश पडू देत नाहीत. अंधूक दालनात पाऊल ठेवताच आपण कुरकुर करतो, पण तो अंधूकपणा कोणीतरी त्या चित्राच्या आयुष्याचा विचार करून योजलेला असतो. अशा निर्णयांना सर्जनाचा भाग मानून त्यांच्याविषयी बोलते करणाऱ्या मुलाखती इथे फार कमी आहेत. हान्स उलरिख ओब्रिस्ट या क्युरेटरने १९९१ मध्ये आपल्या स्वयंपाकघरात प्रदर्शन भरवले होते. प्रत्यक्षात न आलेला प्रकल्प कोणता, हा प्रश्न ते कलावंतांना वर्षानुवर्षे विचारत आले आहेत. हाच प्रश्न कॅमेऱ्यासमोर क्युरेटरांनाही विचारायला हवा.

इंग्रजीखेरीज अन्य भाषांत बोलणाऱ्यांच्या चित्रफितींना इंग्रजी उपशीर्षके असतात, त्यामुळे इंग्रजी वाचता येणाऱ्याला अडचण येऊ नये. प्रथमच पाहणाऱ्याने केंट्रिज यांच्यापासून सुरुवात करावी, मग त्यांचे एखादे चलत्चित्र पाहावे आणि त्यातल्या करड्या खुणा डोळ्यांत असतानाच तीच मुलाखत पुन्हा लावावी.