‘नवी’ कॉइल, जुनाच दोष: पद्मिनीच्या मालकांनी सावध राहावं म्हणून

गाडी गरम झाली की बंद पडते आणि निवली की काही न करता सुरू होते, असा दोष तुमच्या जुन्या गाडीत असेल तर हे वाचा. लबाड गॅरेजवाल्याच्या इतक्या फायद्याचा दुसरा दोष नाही. गाडी ओढून त्याच्या दारात नेईपर्यंत इंजिन गार झालेलं असतं. तो काहीतरी खोलतो, पुसतो, परत बसवतो, चावी फिरवतो आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. मग बिलावर जे लिहिलं असेल, त्यानेच गाडी बरी झाली असं ठरतं.

आमची गाडी वडिलांची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगवरचे गिअर, कार्बोरेटर आणि सीबी पॉइंटची, म्हणजे उघडझाप करून कॉइलचा करंट तोडणाऱ्या संपर्कांची, जुनी इग्निशन. शहरात ती कुरकुरायची नाही. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढायला लागलं की मात्र एकदोन आचके द्यायची आणि वळणावरच गप्प व्हायची. मागून ट्रेलरचे हॉर्न. अर्ध्या तासाने पुन्हा शहाण्यासारखी चालू.

हायवेलगतच्या एका गॅरेजमध्ये नेली. नाव लिहीत नाही. मालक बोलायला गोड, वडिलांना ‘काका’ म्हणणारा. त्याने पहिलं निदान सांगितलं ते एसी पंपाचं, म्हणजे इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचं. पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते, कार्बोरेटरला पेट्रोल पोचत नाही. हे साफ खोटं नाही, म्हणूनच पटतं. या गाड्यांमध्ये उन्हाळ्यात असं होतंच, आणि पंपावर ओला फडका टाकणारे ड्रायव्हर आपण सगळ्यांनी पाहिलेत. पंपाच्या किटचे १,१०० रुपये झाले. मग कार्बोरेटर खोलून साफ करण्याचे २,८००. मग ‘नवी कॉइल टाकली’ म्हणून १,९००. कॉइल म्हणजे बॅटरीच्या करंटपासून प्लगच्या ठिणगीसाठी मोठा व्होल्टेज तयार करणारा डबा. जुनी कॉइल वडिलांनी मागितली तेव्हा ‘भंगारात गेली काका, तिचं काय करायचंय?’ असं उत्तर आलं. दर वेळी ट्रायल व्हायची ती गॅरेजपासून पेट्रोल पंपापर्यंत, आणि तीही सकाळी, रात्रभर गार पडलेल्या इंजिनावर. एवढ्या फेरीत हा दोष दिसणं शक्यच नव्हतं. मिस्त्रीला हे कळत नसेल, हे मी मानायला तयार नाही.

घाटात गाडी पुन्हा बंद पडली तेव्हा त्याचं नवं निदान तयार होतं. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलंय, हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, खोलावं लागेल, २२,००० धरून चाला.

खरा दोष सापडला तो घाटाच्या पलीकडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनमुळे. मोटरसायकलवर आला. हातात एक टेस्ट लॅम्प आणि एक पाना, बस. महत्त्वाचं म्हणजे तो गाडी बंद असतानाच आला आणि ती निवायची वाट न बघता कामाला लागला. चावी चालू करून लॅम्प कॉइलच्या प्लसला लावला, लॅम्प पेटला. म्हणजे चावीपासून कॉइलपर्यंत करंट येतोय, स्विच आणि वायर ठीक. मग कॉइलची जी बाजू डिस्ट्रिब्युटरला (ठिणगी प्रत्येक सिलिंडरला वाटणारा भाग, पॉइंटही त्यातच) जाते तिथे लावला आणि मला स्टार्टर मारायला सांगितला. लॅम्प लुकलुकला. म्हणजे पॉइंट उघडझाप करतायत. मग कॉइलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधून काढून, रबरी मुठीच्या पक्कडीत धरून इंजिनच्या लोखंडाजवळ नेली. ठिणगी नाही.

‘कॉइलला हात लावून बघा की,’ म्हणाला. हात ठेवता येईना. ओला फडका कॉइलवर गुंडाळला, थोड्या वेळाने निळी ठिणगी कडकडीत उडायला लागली. पंपाला कुणी बोटही लावलं नव्हतं. निदान तिथेच संपलं.

कॉइलमध्ये तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात, एक जाड तारेचं आणि एक केसासारख्या बारीक तारेचं. जुन्या कॉइलमध्ये तापल्यावर कुठेतरी तारेचा सांधा सुटतो किंवा तारेवरचं आवरण दगा देतं, आणि गार झाली की सगळं परत जुळतं. म्हणूनच गॅरेजच्या टेबलावर मीटर लावून ‘बघा, कॉइल ओके’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. अशा बारा व्होल्टच्या साध्या कॉइलच्या जाड वेटोळ्याचा रोध साधारण ३ ओहम असतो, बारीक वेटोळ्याचा काही हजार ओहम, आणि गार असताना खराब कॉइलही नेमके तेच आकडे दाखवू शकते. मोजायची तर गाडी बंद पडल्याबरोबर, गरम असतानाच. पॉइंटला जोडलेली छोटी डबी, म्हणजे कंडेन्सर, तोही गरम झाल्यावर असाच फसवतो. तेव्हा ठिणगी पिवळसर, मरतुकडी पडते आणि पॉइंट लवकर जळतात. आणि गाडी बंद पडल्यावर चावी चालू ठेवून बसू नका. पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल आणखी तापते.

आता फसवणुकीचा पुरावा. वडिलांना एक सवय आहे. बॅटरी असो, कॉइल असो, फॅनबेल्टचं खोकं असो, बसवल्याचा महिना आणि वर्ष ते खिळ्याने नाहीतर पेनाने लिहून ठेवतात. घरात आम्ही यावर हसतो. इलेक्ट्रिशियनने काढलेली ‘नवी’ कॉइल काळ्या रंगात चकचकीत होती, पण पट्ट्याखालच्या भागात रंगाचे ओघळ होते. ‘कुणी हो रंगवलीय ही?’ असं म्हणत त्याने दुकानात थिनरचा बोळा फिरवला. रंग निघाला आणि खाली वडिलांच्या अक्षरात कोरलेलं ‘७/०९’ दिसलं. आमचीच कॉइल, आम्हालाच नवी म्हणून विकलेली.

त्याने दुसरी कॉइल आणि कंडेन्सर बसवला, बिल हातात दिलं, जुने दोन्ही पार्ट पिशवीत घालून दिले. मग गाडी तापवून घाट पुन्हा चढून दाखवला. तेव्हापासून तो आजार नाही.

पहिल्या गॅरेजवाल्याकडे कॉइल घेऊन गेलो. आधी म्हणाला, कंपनीच तशी रंगवते. मग वडिलांचं अक्षर दाखवल्यावर, ‘पोराने चुकून जुनी लावली असेल.’ चुकून लावायची तर लावू दे, पण चुकून स्प्रे कसा मारतात? बिलावर ‘नवीन कॉइल’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं, तेवढ्यावर गोष्ट अडली. ग्राहक हेल्पलाइन १९१५ चा विषय काढल्यावर १,९०० रुपये परत मिळाले. पंप आणि कार्बोरेटरचे मिळाले नाहीत. ते काम त्याने खरंच केलं होतं, फक्त गरजेचं नव्हतं, आणि हे सिद्ध करणं अवघड. ज्यांची रक्कम मोठी आहे त्यांच्यासाठी सांगतो. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर तक्रारीची फी नाही. पण हातात बिल हवं. आमच्याकडे कॉइलचं होतं, पंपाचं नुसतं चिठोऱ्यावर लिहिलेलं.

वडील आता गॅरेजमध्ये काम सांगतानाच कागदावर लिहून घेतात की काढलेला प्रत्येक पार्ट परत द्यायचा. यावर जो तोंड वाकडं करतो त्याच्याकडे गाडी राहत नाही. पद्मिनीचे पार्ट हल्ली शोधावे लागतात, त्यामुळे रंगवलेला जुना माल ‘ओरिजिनल, शिल्लक स्टॉक’ म्हणूनही खपवला जातो. नाना पेठेत जादा कॉइल घेताना आम्ही टर्मिनलचे नट नीट बघितले. एकदा पाना लागलेला नट लपत नाही, त्याच्या कडा सांगतात.

राहिलं हेड. पुण्यात दुसऱ्या एका मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन मोजून घेतलं. चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे आले. ‘हे कशाला खोलायला निघाला होतात?’ असं त्याने विचारलं, तेव्हा वडिलांनी २२,००० चं ते एस्टिमेट खिशातून काढून त्याच्यासमोर धरलं.