ताकदीचा कोच की बॉडीबिल्डिंगचा: कोणाकडे जावं?

वरवर पाहिलं तर दोघांचं काम एकच वाटतं. दोघंही वजन उचलायला लावतात, सेट आणि रेप मोजतात (एक उचल म्हणजे एक रेप, न थांबता केलेल्या रेपची फेरी म्हणजे सेट). पण एकाला बारवरचा आकडा वाढवायचा असतो आणि दुसऱ्याला तुमचं शरीर घडवायचं असतं. तुम्हाला यातलं नेमकं काय हवंय, हे न ठरवता कोच शोधायला निघालात, तर माणूस कितीही जाणकार असला तरी जोडी जमत नाही.

ताकदीच्या कोचचं ज्ञान हालचालीत दिसतं. पॉवरलिफ्टिंग असेल तर स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बसून उठणं), बेंच प्रेस (आडवं पडून छातीवरून वर ढकलणं) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून उचलून उभं राहणं). वेटलिफ्टिंग असेल तर स्नॅच (जमिनीवरून एका दमात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर). जड वजन उचलणं हे मुळात कौशल्य आहे. नवख्याची ताकद पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढते, ती मुख्यतः मज्जासंस्था ते कौशल्य शिकते म्हणून. स्नायू नंतर भरतात. त्यामुळे या कोचची नजर तयार हवी. बार पायाच्या मध्यावरून पुढे सरकला, ढुंगण छातीच्या आधी वर आलं, हे त्याला त्याच क्षणी दिसलं पाहिजे. त्याच्याकडे मुख्य लिफ्टचे सेट बहुतेक १ ते ५ रेपचे असतात आणि दोन सेटमध्ये ३ ते ५ मिनिटं विश्रांती असते. एवढा वेळ बसून का राहायचं, हे तो पटवून देऊ शकतो का, तेही बघा.

त्याला आणखी एक प्रश्न जरूर विचारा: स्पर्धेत पहिला प्रयत्न कसा ठरवता? पॉवरलिफ्टिंगमध्ये प्रत्येक लिफ्टला तीनच प्रयत्न मिळतात आणि एका लिफ्टचे तिन्ही हुकले तर तिन्ही लिफ्टच्या एकूण वजनाच्या (टोटलच्या) क्रमवारीतून खेळाडू बाहेर पडतो. म्हणून जाणता कोच पहिलं वजन असं निवडतो, की वाईट दिवशीही ते उचललं जाईल. सुरुवातीलाच मोठा आकडा लावायला सांगणाऱ्याला शिष्याच्या टोटलपेक्षा टाळ्यांची हौस जास्त असते.

बॉडीबिल्डिंगच्या कोचकडे मात्र वजन हे फक्त साधन. सेट थकव्याच्या टोकाजवळ नेला तर स्नायू हलक्या वजनानेही वाढतात, अगदी कमाल क्षमतेच्या ३० टक्क्यांच्या आसपासच्या वजनानेसुद्धा. म्हणून अमुक एक व्यायाम केलाच पाहिजे असा हट्ट इथे नसावा. खांदा दुखतोय म्हटल्यावर बेंच प्रेसऐवजी दुसरं काय, हे त्याला चटकन सुचायला हवं. प्रत्येक स्नायूला आठवड्यात किती सेट मिळतात याचा हिशोब त्याच्याकडे असतो (साधारण १० किंवा अधिक हा चांगला पाया). खाण्याचं त्याला जास्त कळावं लागतं. शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं बहुतेकांना पुरतात. याच्या दुप्पट-तिप्पट सांगून सोबत प्रोटीन पावडरचे डबेही विकणारा असेल तर सावध राहा.

कटिंगच्या, म्हणजे चरबी उतरवण्याच्या काळात या कोचची खरी पारख होते. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या ०.५ ते १ टक्का घट, हा समंजस वेग. त्याहून घाई केली तर चरबीबरोबर स्नायूही जातात. आणि शेवटच्या आठवड्यात तो पाणी तोडायला, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घ्यायला सांगतो का, हे आधीच स्पष्ट विचारा. १९९२ साली मोहम्मद बेनाझिझा हा व्यावसायिक बॉडीबिल्डर स्पर्धा जिंकल्यानंतर काही तासांत मरण पावला, आणि त्या मृत्यूचा संबंध अशाच औषधांशी जोडला जातो. इंजेक्शनांचंही तेच. ज्याच्या पहिल्या महिन्याच्या योजनेतच स्टिरॉइड आहे, त्याच्याकडून उठून यावं. हृदयाला धोका आणि शरीरातलं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद पडणं तुम्ही भोगणार, तो नाही.

स्वतः पदकं जिंकलेला कोच बरा की शिकलेला? कोचचं शरीर त्याची जनुकं, त्याची वर्षं आणि कधी कधी औषधंही सांगतं. त्याला शिकवता येतं का, हे त्यावरून कळत नाही. प्रमाणपत्रांतही फरक असतो. एनएससीए या अमेरिकी संस्थेच्या सीएससीएस या ताकदीच्या कोचसाठीच्या परीक्षेला पदवी लागते, तर काही कोर्स दोन दिवसांत उरकतात. मी दोन्ही गोष्टींपेक्षा त्याच्या साध्या शिष्यांना जास्त महत्त्व देईन: चाळिशीतले, दुखापतीतून परतलेले, शरीराची फारशी देणगी नसलेले. ते दोन वर्षांनीही त्याच्याकडे टिकून आहेत का आणि पुढे सरकलेत का, ते त्यांनाच विचारा.

स्नॅच किंवा स्क्वॉट नव्याने शिकायचा असेल तर कोच समोरच हवा. व्हिडिओ पाठवून दुसऱ्या दिवशी मिळालेली सूचना तोवर शिळी होते. बॉडीबिल्डिंगमध्ये फॉर्म (व्यायाम करायची पद्धत) पक्का असलेल्याला ऑनलाइन कोच छान चालतो, कारण फोटो, वजन आणि नोंदी यांवर बरंच काम होतं.

ठरतच नसेल आणि तुम्ही अगदी नवे असाल, तर पहिलं वर्ष दोघांपैकी कोणीही चालेल. त्या वर्षात दोघंही जवळपास तेच शिकवतात. पहिल्या भेटीत जुनी दुखणी, झोप आणि चालू औषधं विचारणारा निवडा. महिन्याभराने वही काढून बघा, की तुमच्या नोंदी वाचून त्याने शेड्यूलमध्ये काही बदललंय, की पहिल्या दिवशीचाच कागद अजून चालू आहे. तोच कागद असेल तर दुसरा कोच शोधायला लागा.