पाचवीचा ‘तगर’ प्रकल्प: एका पालकाचा अभिप्राय

मुलीच्या शाळेत यंदा दुसऱ्या सत्रात पाचवीच्या वर्गाने प्राचीन इतिहासावर प्रकल्प केला. पुढच्या वर्षी ज्यांची मुलं पाचवीत जातील, त्यांच्यासाठी लिहितोय. मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करतो, त्यामुळे कापडाबद्दल जरा जास्त येईल.

आजवर इतिहासाचा प्रकल्प म्हणजे थर्माकोलचा पिरॅमिड, एखादा तक्ता आणि आदल्या रात्री घरात सगळ्यांची पळापळ. यंदा बाईंनी एकच गाव धरलं, तेर. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेकाठचं. सातवाहनांच्या काळात त्याला तगर म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासनोंदीत लिहिलंय की तगरचं साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून गुजरातेतल्या भडोचच्या बंदराकडे जाई. भडोचपासून पैठण 20 दिवसांवर, तिथून पूर्वेला तगर आणखी 10 दिवसांवर.

एवढ्याशा नोंदीवर बाईंनी सगळे विषय बसवले. गणिताच्या तासाला मुलांनी नकाशावर दोरा ठेवून अंतर काढलं आणि दिवसांनी भागलं. गाडी खरंच तेवढी चालते का, हे ज्याच्या घरी बैल आहेत त्याने आजोबांना विचारून आणलं. मराठीला गाडीवानाने घरी धाडलेला निरोप लिहिला. विज्ञानाला डाळिंबाच्या साली उकळून तुरटी घातली तर कापड पिवळं झालं, आणि त्याच रंगात गंजक्या खिळ्यांचं पाणी ओतलं तर काळपट. साली रसवाल्याने फुकट दिल्या.

पण खरं सोनं कार्यानुभवाच्या तासाला. लाकडी चौकटींना खिळे ठोकून ताणा, म्हणजे उभे धागे, ताणला आणि विणायला शिकवलं शहराच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या एका मुलीच्या आजीने, जिने आयुष्यभर हातमाग चालवलाय. आजी निम्मं तेलुगूत बोलत होत्या, तरी हात बघून पोरांना सगळं कळलं. कडेचा धागा जास्त ओढला की पट्टी मधे आक्रसते, हे सांगून कळत नाही, स्वतःच्या हाताने दोनदा बिघडल्यावरच कळतं. त्या रात्री मुलगी जेवताना म्हणाली, “पप्पा, तुमच्या मागावर एका इंचात किती धागे बसतात ओ?” माझ्या कामाबद्दल तिने असं कधी विचारलं नव्हतं. मी कारखान्यातलं धागे मोजायचं भिंग मागून आणून शाळेत दिलं. मुलांनी टॉवेल, चादर आणि आजीचं जुनं मऊ लुगडं यांच्यावर भिंग ठेवून धागे मोजले. मलमल विणायला वेळ का लागतो आणि ती महाग का, हे मग कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची, गर्दी ओसरल्यावर तेरला सहल गेली, माणशी चारशे रुपये. लामतुरे संग्रहालयात हस्तिदंती बाहुली बघायला मिळाली. तशाच घडणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती इटलीत ज्वालामुखीने गाडलेल्या पाँपेई शहराच्या राखेत सापडली, म्हणजे इसवी सन 79 च्या आधी ती तिकडे पोचली होती. हे ऐकून मुलं त्या काचेपासून हलेनात. त्रिविक्रम मंदिर विटांचं, मागून गोल. मूळचं बौद्ध चैत्यगृह असावं असं अभ्यासक मानतात. मुलांनी पट्टीने तिथल्या विटा मोजल्या. गोरोबाकाकांचं दर्शन मात्र घाईत उरकलं.

आता जे पटलं नाही ते. रोमचा भाग इंटरनेटवरून छापून चिकटवलेला होता आणि एकाही मुलाला त्यातलं काही सांगता येईना. प्रदर्शन एकाच वर्गात ठेवलं, त्यामुळे मागच्या पालकांना काही दिसलं नाही. सगळ्यात खटकली ती श्रेणी: चकचकीत, मोठ्यांच्या हातच्या तक्त्यांना वरची श्रेणी, आणि पोरांनी स्वतः विणलेल्या वाकड्या पट्ट्या मागच्या बाकावर. एवढं चांगलं काम करून घेतल्यावर मापही त्याच कामाचं घ्यायला हवं होतं. बाईंना हे भेटून सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

पाचपैकी चार देतो. तुमच्या मुलाला हा प्रकल्प मिळाला तर तक्ता तुम्ही करून देऊ नका, फक्त सहलीला सोडा आणि घरातली जुनी कापडं काढून द्या. चौकटी शाळेने जपून ठेवल्यात. सूत लागेल तेवढं कारखान्यातल्या उरलेल्या कोनांमधून द्यायला आमचे मालक तयार आहेत, जूनमध्ये मी आणून टाकतो.